रंगाचं पाणी उन्हात घालायचं ते असं

आमच्या मागीलदारी एक पऱ्या आहे. पावसाळ्यात धो धो वाहतो, होळीपर्यंत करंगळीएवढा उरतो. आमच्या आगरातून तो शेजारच्या नानींच्या पोफळींना लागून खाडीला जातो. सहा वर्षांपूर्वी एका फेब्रुवारीत तो लाल वाहायला लागला, तेव्हा नानी काठी टेकत आमच्या पडवीपर्यंत आल्या. "अगो, कोंबडं कापलंन की काय कुणी तुझ्याकडे?"

कोंबडं नव्हतं, दुपट्टे होते. आम्ही चौघी मिळून सुती दुपट्टे आणि स्टोल रंगवतो. रंग रिॲक्टिव्ह, म्हणजे सुताशी रासायनिक बंध करून बसणारे. पण टाकलेला सगळा रंग सुताला कधीच बसत नाही. बऱ्याचदा २० ते ४० टक्के रंग पाण्याशीच संयोग पावून निकामी होतो आणि धुण्याच्या पाण्यातून बाहेर पडतो. सोबत भरपूर मीठ आणि धुण्याचा सोडा. त्या दिवशी नानींना मी "उद्यापासून थेंब सोडणार नाही" असं सांगून बसले. बी.एस्सी.ला रसायनशास्त्र घेतलं होतं, त्याची खरी परीक्षा तीस वर्षांनी आली.

खाली लिहिते आहे ती ऊन आणि एक पांढरी पावडर वापरून हे पाणी साफ करायची रीत, माझ्यासारख्यांसाठी, ज्यांचं रंगाचं पाणी दिवसाला बादली-दोन बादल्या असतं. किंवा शाळा-कॉलेजात प्रकल्प करणाऱ्यांसाठी. लोटे-परशुरामच्या नाहीतर महाडच्या कारखान्यांचं पाणी हा वेगळा मामला आहे. तिथे हजारो लिटर, कायदे, परवाने, तज्ज्ञ सगळं लागतं. परातीतल्या प्रयोगावरून कुणी कारखान्याचा हिशेब मांडू नये.

आधी आत काय होतं ते थोडक्यात. टिटॅनिअम डायऑक्साइड ही पांढरी पावडर. तिच्या ॲनाटेज नावाच्या रूपावर साधारण ३८७ नॅनोमीटरपेक्षा आखूड लहरीचा प्रकाश, म्हणजे अतिनील किरण पडले की कणातला एक इलेक्ट्रॉन जागा सोडून वर उडी मारतो. मागे राहिलेली रिकामी जागा पाण्याकडून इलेक्ट्रॉन खेचते आणि त्यातून हायड्रॉक्सिल रॅडिकल तयार होतं. हे रॅडिकल भलतं अधाशी. समोर येईल त्या सेंद्रिय रेणूचा लचका तोडतं. असे लचके तुटत तुटत रंगाचा रेणू, वेळ दिला तर, कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि थोड्या क्षारांपर्यंत पोचतो. तिकडे उडी मारलेल्या इलेक्ट्रॉनलाही कुणीतरी उचलून न्यावं लागतं. ते काम पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन करतो. ऑक्सिजन कमी पडला तर इलेक्ट्रॉन मुकाट्याने जागेवर परततो आणि ऊन फुकट जातं. पावडर मात्र खर्च होत नाही, म्हणून तिला प्रकाश-उत्प्रेरक म्हणायचं. १९७२ साली अकिरा फुजिशिमा आणि केनिची होंडा या जपानी शास्त्रज्ञांनी टिटॅनिअम डायऑक्साइडच्या इलेक्ट्रोडवर प्रकाश टाकून पाणी फोडून दाखवलं, तेव्हापासून जगाचं या पावडरीकडे लक्ष गेलं.

उन्हात असे उपयोगी अतिनील किरण जेमतेम चार-पाच टक्के. म्हणजे आपल्याकडे एप्रिलात माथ्यावर आग ओकणाऱ्या सूर्याचाही बहुतेक भाग या पावडरीच्या उपयोगाचा नाही. हे आधीच कळलेलं बरं.

पावडर कुठली घ्यायची

इथे मी पहिली माती खाल्ली. चिपळूणच्या एका हार्डवेअरच्या दुकानातून रंगकामाला वापरतात ती 'टिटॅनिअम' पावडर आणली. नाव तेच, रंग तोच, स्वस्तही. दोन दिवस कडक उन्हात परात ठेवली. पाणी होतं तसं निळंशार. मला वाटलं माझंच काहीतरी चुकतंय, म्हणून पावडर दुप्पट केली. पाणी निळ्याचं दुधी निळं झालं, एवढंच.

कारण नंतर कळलं आणि कपाळावर हात मारून घेतला. भिंतीच्या रंगातलं टिटॅनिअम असं उन्हात काम करायला लागलं तर ते रंगातल्या चिकट द्रव्यालाच खाईल आणि दोन वर्षांत भिंतीवरून खडूसारखी भुकटी झडेल. म्हणून रंगवाले मुद्दाम रुटाइल हे दुसरं रूप वापरतात आणि प्रत्येक कणावर ॲल्युमिना-सिलिकाचा पातळ थर चढवतात, कणाने कामच करू नये म्हणून. मी ती पावडर पैसे देऊन आणली होती.

तेव्हा घ्यायचं ते प्रयोगशाळेच्या रसायनांच्या दुकानातून, बाटलीवर 'ॲनाटेज' लिहिलेलं. संशोधनात 'पी-२५' नावाची पावडर मापदंड म्हणून वापरतात. तिच्यात ॲनाटेज आणि रुटाइल साधारण ८० : २० असतं आणि कण अतिशय बारीक, २० नॅनोमीटरच्या आसपास. काम झटपट करते, पण महाग, आणि पाण्यातून खाली बसता बसत नाही. मी साधं ॲनाटेजच वापरते.

झिंक ऑक्साइडही उन्हात छान चालतं, सहज मिळतं. मी ते सोडलं. पाणी जरा आम्लधर्मी झालं की ते विरघळायला लागतं, आणि विरघळलेलं जस्त माशांना बाधतं. आमचा पऱ्या खाडीला जातो आणि खाडीत अर्ध्या गावाचं कालवण असतं.

पावडर हाताळताना तोंडाला चांगला मास्क हवा. ही पावडर पोटापेक्षा फुप्फुसाला वाईट. कोरडी उधळायची नाही. पंखा बंद करून आधी थोड्या पाण्यात कालवून घ्यायची, मग पुढचं.

एक गंमत सांगते. रत्नागिरीजवळ काळबादेवीच्या किनाऱ्यावर जी काळी वाळू आहे तिच्यात इल्मेनाइट असतं, म्हणजे लोह आणि टिटॅनिअमचं ऑक्साइड. पांढरं टिटॅनिअम अशाच खनिजापासून काढतात. आमच्या गटातली एक म्हणाली, मग वाळूच आणूया की! पण काळी वाळू परातीत टाकून काही होत नाही. त्यातून टिटॅनिअम वेगळं काढायला कारखाना लागतो.

आधी परातीतली परीक्षा

आपल्या रंगाच्या पाण्यावर एकदम जाऊ नका. आधी मिथिलिन ब्लूवर हात बसवा. मत्स्यालयाच्या दुकानात माशांच्या बुरशीवर औषध म्हणून मिळतं, पावडर हवी तर रसायनांच्या दुकानात. एक ग्रॅम रंग एक लिटर पाण्यात विरघळवा. त्यातलं १० मिलीलिटर सिरिंजने काढून पुन्हा एक लिटर करा. झालं लिटरला १० मिलिग्रॅमचं पाणी. डोळ्याला एवढाही निळा पुष्कळ दिसतो.

पाणी कुठलं, हे महत्त्वाचं. आमच्या विहिरीचं पाणी मे महिन्यात मचूळ होतं. मी एकच प्रयोग विहिरीच्या पाण्यात आणि पागोळ्यांच्या साठवलेल्या पाण्यात केला. विहिरीच्या पाण्याला कितीतरी जास्त वेळ लागला. पाण्यातले क्लोराइड आणि बायकार्बोनेट रॅडिकलं मधल्या मध्ये गिळतात. पहिली परीक्षा पागोळ्यांच्या नाहीतर डिस्टिल्ड पाण्यातच घ्या, म्हणजे पावडर चांगली की वाईट ते स्वच्छ कळेल.

तीन सारख्या पराती घ्यायच्या, साधारण फूटभर रुंद तळाच्या, प्रत्येकीत एक लिटर. पाणी दोन सेंटीमीटरपेक्षा खोल नको, कारण खाली प्रकाश पोचत नाही. पहिलीत अर्धा ते एक ग्रॅम पावडर. दुसरीत पावडर नाही. तिसरीत पावडर आहे, पण परात झाकलेली. तिन्ही आधी अर्धा तास अंधारात, मध्ये मध्ये ढवळत. रंगाचा काही भाग कणांना नुसता चिकटतो, तो या वेळात चिकटून घेऊ दे. मग पहिली आणि दुसरी उन्हात. दहा ते दोन ही वेळ, माडांची सावली फिरून येणार नाही अशी जागा बघून.

दुसरी आणि तिसरी परात कशाला, असं सगळे विचारतात. मिथिलिन ब्लू नुसत्या उन्हानेही थोडा उडतो. तो उडाला किती हे दुसरी सांगते. आणि चिकटला किती हे तिसरी. या दोन्ही वजा केल्याशिवाय पावडरीचं कौतुक करायचं नाही. प्रदर्शनात मुलं एकच परात मांडतात आणि टाळ्या घेतात. परीक्षकांनी विचारायला हवं.

मोजायला यंत्र नसेल तर 'शिडी' करा. सहा सारख्या पारदर्शक बाटल्या : पहिलीत मूळ पाणी, दुसरीत निम्मं, मग पाव, अष्टमांश, सोळावा भाग, शेवटी साधं पाणी. दर अर्ध्या तासाने परातीतला थोडा नमुना काढायचा, अंधाऱ्या कपाटात रात्रभर ठेवून पावडर बसू द्यायची आणि वरचं नितळ पाणी पांढऱ्या कागदापुढे शिडीशी ताडून बघायचं. फिकट पाण्यात वेग असा असतो की निम्मं व्हायला जितका वेळ, तितकाच वेळ पुढे निम्म्यावरून पावावर यायला. माझ्या ॲनाटेजने मेच्या उन्हात दीड तासात पाणी सोळाव्या भागाच्याही खाली जातं. दिवसभरात निम्मंही होत नसेल तर पावडर बदला.

पावडर जास्त घालून वेग वाढत नाही. लिटरला एक ग्रॅमच्या वर पाणी इतकं दुधी होतं की वरचे कण खालच्यांवर सावली धरतात. परातीवर पारदर्शक प्लास्टिकचा पत्रा घालून पालापाचोळा अडवायचा मोहही मला झाला होता. छपराचे ते पत्रे स्वतःच उन्हात खराब होऊ नयेत म्हणून अतिनील अडवणारेच बनवलेले असतात. पाचोळा थांबला आणि कामही थांबलं. आता नुसती मासळी वाळवायची जाळी टाकते.

रंग गेला, पण गेला का?

मला सगळ्यात जास्त हे सांगायचं आहे. सुरुवातीच्या दिवसांत मी एक काचेची बरणी काठोकाठ भरून, झाकण घट्ट लावून उन्हात ठेवली. पाणी आम्लधर्मी असावं म्हणून लिंबाच्या फुलाची, म्हणजे सायट्रिक ॲसिडची, चिमूट घातली होती. पंधरा मिनिटांत पाणी पांढरं. मी नानींना बोलावून दाखवलं. रात्री बरणी धुवायला घेतली, झाकण उघडून हिसळली, आणि हातात परत निळं पाणी!

झालं होतं असं की बंद बरणीत ऑक्सिजन संपला. रॅडिकलं रंगावर जाण्याऐवजी सायट्रिक ॲसिडवर खर्ची पडली आणि मोकळे इलेक्ट्रॉन मिथिलिन ब्लूच्याच रेणूवर जाऊन बसले. असा रेणू रंगहीन दिसतो, मोडलेला मात्र नसतो. हवा लागली की पुन्हा निळा. म्हणून भांडं उघडं हवं, आणि मत्स्यालयाचा हवेचा पंप लावून बुडबुडे सोडत राहायला हवं.

आणि खरोखर रंग मोडला तरी काम संपलेलं नसतं. रेणूचा रंग दाखवणारा भाग आधी तुटतो, बाकीचे तुकडे पाण्यात डोळ्याला न दिसता राहतात. ॲझो जातीच्या रंगांचे काही तुकडे मूळ रंगाहून त्रासदायक असू शकतात. मी नियम केला आहे : पाणी नितळ दिसायला जितका वेळ लागला, तितकाच आणखी निदान दोनदा द्यायचा. आणि वर्षातून एकदा नमुना प्रयोगशाळेत देऊन सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण रसायनाने जाळायला किती ऑक्सिजन लागतो तो आकडा, काढून घ्यायचा. नदी-ओढ्यात सोडायच्या पाण्याची सर्वसाधारण मर्यादा लिटरला २५० मिलिग्रॅम सीओडी आणि पीएच ५.५ ते ९ अशी आहे. पहिल्या वर्षी माझं डोळ्याला स्वच्छ दिसणारं पाणी सीओडीत नापास झालं होतं.

आता खरं पाणी

रिॲक्टिव्ह रंगाच्या पाण्याचा पीएच सोड्यामुळे १०-११ असतो. इतक्या अल्कलीत टिटॅनिअमच्या कणांवर ऋण भार येतो. आमच्या रंगांचे रेणूही ऋण. दोघं एकमेकांना जवळ करत नाहीत. शिवाय सोड्याचा कार्बोनेट रॅडिकलं खातो. दोन्हींवर उपाय एकच, आम्ल.

नानींनी सुचवलं होतं कोकमाचं आगळ घाल, घरात बाटल्या पडल्यात. कल्पना गोड, पण आगळ सेंद्रिय. रॅडिकलं आधी तेच खात बसतील, आणि ते स्वतःच लाल. शिरका, लिंबाचं फूल यांचंही तेच. मी गॅरेजमध्ये मिळणारं बॅटरीचं पातळ सल्फ्युरिक ॲसिड वापरते. हातमोजे, चष्मा, आणि ॲसिड पाण्यात, कधीही पाणी ॲसिडात नाही. मोठ्या बादलीत थोडं थोडं, कारण सोडा फसफसून वर येतो. पीएच पट्टीवर पाचच्या आसपास आणायचा, अर्धा तास हवा सोडून कार्बन डायऑक्साइड घालवायचा, मग साडेसहाच्या आत बाहेर राहिला की पुरे.

गडद पाणी उन्हात घालूच नका. मूळ रंगाचं पाणी इतकं दाट असतं की सगळा प्रकाश रंगच पिऊन टाकतो, कणांपर्यंत पोचतच नाही. मी गडद पाण्यातून फिकट छटेचा दुसरा घाणा काढते, उरलेलं करवंटीपासून केलेल्या सक्रिय कोळशातून गाळते. कोळशाने रंग नष्ट होत नाही, नुसती जागा बदलतो, म्हणून वापरलेला कोळसा पोत्यात भरून ठेवावा लागतो. पण उन्हावरचं ओझं निम्म्याच्या वर उतरतं. उन्हात जातं ते त्यानंतरचं आणि धुण्याचं फिकट पाणी.

आणि मोठ्या पाण्यासाठी सुटी पावडर नको. दर वेळी तिला खाली बसवणं म्हणजे तुरटी, रात्रभर वाट, तरी थोडी निसटतेच. मी ती फरशीवर पक्की बसवते. बिनचकाकीच्या सपाट भाजक्या फरश्या घेतल्या. १०० मिलीलिटर पाण्यात पाच ग्रॅम पावडर, पातळ नायट्रिक ॲसिडचे काही थेंब घालून पीएच तीनपर्यंत, चांगलं तासभर घोटून. ब्रशने तीन हात, प्रत्येक हात वाळल्यावर पुढचा. मग ओळखीच्या कॉलेजातल्या भट्टीत ४५० अंशांवर तासभर. यापेक्षा फार वर जाऊ नये, ६००च्या पुढे ॲनाटेजचं रुटाइल व्हायला लागतं. खिडकीच्या साध्या काचेवर बसवू नका, काचेतला सोडिअम भाजताना थरात शिरतो आणि तो मंदावतो. भाजलेल्या फरश्या धुतल्यावर पाणी दुधी येईनासं झालं की वापरायला तयार.

या फरश्या मी पत्र्याच्या पन्हळीत तिरक्या मांडल्या आहेत. खाली २० लिटरची बादली, तिच्यात कूलरचा छोटा पंप. पाणी वर चढतं आणि फरश्यांवरून पातळ ओघळत परत बादलीत येतं. थर पातळ, त्यामुळे प्रकाशही पोचतो आणि हवाही, वेगळा बुडबुड्यांचा पंप लागत नाही. सुट्या पावडरीपेक्षा हे सावकाश चालतं. फिकट गुलाबी २० लिटरला एप्रिलात दोन दिवस, डिसेंबरात तीन. वाऱ्याबरोबर येणारी खारट धूळ आणि शेवाळ बसतं, पंधरवड्याने मऊ ब्रशने धुवून तासभर कोरडं ऊन द्यायचं. तार घासणी नको.

मिरगापासून दसऱ्यापर्यंत हे बंद. कीटक मारणाऱ्या दिव्यातली निळसर नळी ३६५ नॅनोमीटरच्या आसपासची असते, ती लावून पडवीत करून बघितलं. होतं, पण मुंगीच्या पावलाने, आणि आमच्याकडे पावसात वीज पाहुणीसारखी येते. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातली अतिनील नळी मात्र उघड्यावर कधीच लावू नका, डोळे जातील. आम्ही पावसात रंगवतच नाही, ठशांचं कोरीव काम आणि शिवण करतो.

शेवटचा प्रश्न मीठ. ऊन आणि पावडर मिठाला हात लावत नाहीत. माड खारं पाणी थोडंफार सोसतो, पोफळ नाही सोसत. मी दोन कुंड्यांत मूग पेरून बघितले : विहिरीच्या पाण्यावरचे तिसऱ्या दिवशी वर आले, माझ्या 'शुद्ध' पाण्यावरचे कुजले. नानींच्या पोफळींना हे पाणी देता येणार नव्हतं. महिनाभर ड्रम साठत गेले, पडवीत चालायला जागा नाही. मग एकदा गडद जांभळा रंगवताना मिठाची पिशवी उघडताना लक्षात आलं, की नव्या रंगाच्या पाण्यात मीठ तर मी मुद्दाम घालतेच! आता ड्रममधलं पाणी पुढच्या गडद घाण्याला जातं. त्यात आधीच किती मीठ आहे ते मोजून वरचं तेवढंच घालायचं. पहिल्यांदा अंदाजाने घातलं तेव्हा छटा फसली होती, म्हणून आधी रुमालाएवढ्या तुकड्यावर रंग बघून घेते.